छी मेन दुन ज्या: नऊ घरांवर काळ कसा मांडतात, एका डावाची सविस्तर उकल

१९७७ साली चीनच्या आन्हुइ प्रांतातील फूयांग येथे एक हान काळातील थडगे उघडण्यात आले. त्यात भविष्य पाहण्याची लाकडी उपकरणे सापडली. इसवी सनपूर्व १६५ मध्ये निधन पावलेल्या एका सरदाराचे हे थडगे होते. उपकरणाची रचना साधी आहे: खाली चौकोनी पाट आणि त्यावर मध्यभागी फिरणारी गोल चकती. चौकोन म्हणजे पृथ्वी, गोल म्हणजे आकाश. पृथ्वी जागेवर राहते, आकाश तिच्यावरून सरकते आणि ज्या क्षणी प्रश्न विचारला गेला त्या क्षणी कोणते आकाशचिन्ह कोणत्या भूमिचिन्हावर आले आहे, हे पाहून उत्तर शोधले जाते.

या फिरत्या चकतीच्या कल्पनेतून चीनमध्ये भविष्य पाहण्याच्या तीन मोठ्या पद्धती वाढल्या आणि त्यांतली सर्वांत गुंतागुंतीची मांडणी छी मेन दुन ज्या या पद्धतीची आहे. चौथ्या शतकातील विद्वान गे होंग सांगतो की डोंगरात जाऊन राहण्याच्या ओढीने त्याने तरुणपणी दुन ज्याचे ग्रंथ अभ्यासले, कारण डोंगरात शिरायचे तर दिवस आणि दिशा पारखून शिरावे असा तेव्हाचा समज होता. पुढे सोंग काळात, १०३४ ते १०३८ या जिंगयो पर्वात, दरबारी ज्योतिर्विद यांग वेइद याने सम्राटाच्या आज्ञेवरून तिच्यावर ग्रंथ सिद्ध केला. सैन्य कोणत्या दिशेने हलवावे, कोणत्या प्रहरी थांबावे, हा तिचा मूळ विषय होता. आज चीन, तैवान, हाँगकाँग आणि सिंगापूर येथे ती व्यापार, प्रवास आणि घरगुती प्रश्नांसाठी वापरली जाते.

बहुतेक लोक ही पद्धत चिन्हांच्या अर्थांपासून शिकायला घेतात आणि तिथेच अडकतात. माझ्या मते तिचे मर्म चिन्हांच्या अर्थात नसून त्यांच्या गतीत आहे. येथे चार थर एकावर एक बसतात आणि त्यांतले बहुतेक वेगवेगळ्या घड्याळांवर चालतात. कोणता थर कशामुळे हलतो हे हाताने मांडून कळले, की अर्थ आपोआप जागेवर येतात. म्हणून या लेखात एकच डाव पहिल्या रेघेपासून शेवटपर्यंत मांडू. क्षण घेऊ शांघाय येथील १ जानेवारी २०००, सकाळी १० वाजताचा. हा लेख मांडणी आणि पारंपरिक वाचन शिकवतो. भाकिते खरी ठरतात याचा वैज्ञानिक पुरावा नाही आणि आजारपण किंवा मोठ्या रकमेचा निर्णय यावर सोपवू नये.

नावातला लपलेला ज्या

चिनी कालगणनेत दहा स्कंध आणि बारा शाखा आहेत. स्कंध असे: ज्या, यी, बिंग, दिंग, वू, जी, गेंग, शिन, रेन, ग्वेइ. शाखा म्हणजे आपल्यालाही परिचित असलेले बारा प्राणी: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. स्कंध आणि शाखा जोडीने पुढे सरकतात आणि साठ जोड्यांनंतर चक्र पुन्हा ज्या-उंदीर या जोडीवर येते. वर्ष, महिना, दिवस आणि दोन तासांचा प्रत्येक प्रहर, या चारही मापांना याच साठातली एक-एक जोडी मिळते. दोन तासांच्या प्रहराला शीचेन म्हणतात.

‘दुन ज्या’ म्हणजे लपलेला ज्या. ज्या हा लाकडाच्या तत्त्वाचा सेनापती, आणि गेंग ही धातूची कुऱ्हाड त्याची वैरी. म्हणून ‘ज्या’ पटावर उघडपणे कधीच दिसत नाही, तो सहा स्कंधांच्या आड लपतो. साठ जोड्यांत ज्या सहा वेळा येतो आणि दर दहा जोड्यांच्या दशकात त्याचे लपण्याचे ठिकाण ठरलेले आहे: पहिल्या दशकात वू, मग क्रमाने जी, गेंग, शिन, रेन आणि सहाव्या दशकात ग्वेइ. उरलेले यी, बिंग, दिंग हे ‘छी’, म्हणजे विलक्षण तिघे. परंपरा सांगते की यी ही ज्याची बहीण, गेंगला देऊन त्याला शांत करणारी, आणि बिंग व दिंग हे अग्नी, धातू वितळवणारे. ‘मेन’ म्हणजे दारे. ती पुढे येतीलच.

कागदावरची नऊ घरे

मोठा कोरा कागद, पेन्सिल आणि खोडरबर घ्यावे. बाजू साधारण सहा सेंटीमीटर असलेले नऊ चौकोन आखावेत, कारण प्रत्येक घरात पाच-सहा चिन्हे बसवायची आहेत. घरांचे क्रमांक आणि दिशा अशा:

४ आग्नेय – ९ दक्षिण – २ नैर्ऋत्य
३ पूर्व – ५ मध्य – ७ पश्चिम
८ ईशान्य – १ उत्तर – ६ वायव्य

हा लो शू चौरस. उभी, आडवी, तिरपी कोणतीही बेरीज पंधरा येते, आणि आपल्याकडच्या पंधराच्या यंत्रामुळे तो मराठी वाचकाला नवा नाही. लक्षात ठेवायची गोष्ट एकच, की दक्षिण वर आहे. आपल्या नकाशाच्या सवयीने उत्तर वर धरली, तर पुढचे सारे उलटे बसते.

प्रत्येक घराला तत्त्व आहे: १ पाणी, ३ आणि ४ लाकूड, ९ अग्नी, ६ आणि ७ धातू, २, ५ आणि ८ माती. ही आपली पंचमहाभूते नव्हेत. येथे तत्त्वे एकमेकांना जन्म देतात आणि एकमेकांना दाबतात. पाणी लाकडाला वाढवते, लाकूड अग्नीला, अग्नी मातीला, माती धातूला, धातू पाण्याला. दाबताना लाकूड मातीला दाबते, माती पाण्याला, पाणी अग्नीला, अग्नी धातूला, धातू लाकडाला. वाचनाचा निम्मा भाग या दोन साखळ्यांवर उभा आहे, म्हणून त्या पाठ कराव्यात.

या चौरसात चालण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्यांची सरमिसळ होता कामा नये. पहिली अंकांची वाट: १, २, ३ असे ९ पर्यंत, मधल्या ५ मधून जाणारी, पटावर इकडून तिकडे उड्या घेणारी. दुसरी परिघाची वाट: १, ८, ३, ४, ९, २, ७, ६, म्हणजे मधले घर टाळून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. कोणता थर कोणत्या वाटेने जातो हे प्रत्येक पायरीला सांगतो.

ऋतूपासून डाव क्रमांक

काळ अवकाशात कसा उतरतो हे या पायरीइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. चिनी वर्षात सूर्याच्या गतीवर बेतलेली चोवीस सौरपर्वे आहेत, प्रत्येक सुमारे पंधरा दिवसांचे. ती सायन आहेत. मकर संक्रांत आपण १४ जानेवारीच्या सुमारास करतो ती निरयन गणनेने. येथे मात्र खरा अयनदिन, म्हणजे २१-२२ डिसेंबर, धरायचा आहे. घरातल्या पंचांगातल्या संक्रांतींवरून सौरपर्व काढले, तर डाव तीन-साडेतीन आठवड्यांनी चुकतो.

आता वर्षातले आठ मुख्य बिंदू परिघावरच्या आठ घरांत ठेवा. हिवाळी अयनदिन उत्तरेच्या १ मध्ये, वसंतारंभ (४ फेब्रुवारीच्या सुमारास) ईशान्येच्या ८ मध्ये, वसंत संपात पूर्वेच्या ३ मध्ये, ग्रीष्मारंभ (५-६ मे) आग्नेयेच्या ४ मध्ये, उन्हाळी अयनदिन दक्षिणेच्या ९ मध्ये, शरदारंभ (७-८ ऑगस्ट) नैर्ऋत्येच्या २ मध्ये, शरद संपात पश्चिमेच्या ७ मध्ये आणि हेमंतारंभ (७-८ नोव्हेंबर) वायव्येच्या ६ मध्ये. प्रत्येक बिंदूपासून तीन सौरपर्वे सुरू होतात. पहिल्याला घराचाच क्रमांक मिळतो. हिवाळी अयनदिनापासून उन्हाळी अयनदिनापर्यंतच्या यांग अर्धवर्षात पुढच्या दोन पर्वांचे क्रमांक एकेकाने वाढतात आणि यिन अर्धवर्षात एकेकाने घटतात. म्हणजे हिवाळी अयनदिनापासूनच्या तीन पर्वांना १, २, ३, वसंतारंभापासून ८, ९, १. उन्हाळी अयनदिनापासून ९, ८, ७, शरदारंभापासून २, १, ९.

सौरपर्वाचे पाच-पाच दिवसांचे तीन भाग असतात: वरचा, मधला, खालचा. वरच्या भागाला पर्वाचा क्रमांक तसाच मिळतो. यांग अर्धवर्षात मधल्या भागासाठी त्यात ६ मिळवायचे, खालच्यासाठी आणखी ६, आणि बेरीज ९ पेक्षा जास्त झाली तर ९ वजा करायचे. यिन अर्धवर्षात मिळवण्याऐवजी ६ वजा करत जायचे आणि उत्तर शून्य किंवा उणे आले तर ९ मिळवायचे. हिवाळी अयनदिनाचे पर्व त्यामुळे १, ७, ४ असे येते आणि उन्हाळी अयनदिनाचे ९, ३, ६ असे. या अंकाला ‘ज्यू’ म्हणतात. बुद्धिबळाच्या डावालाही चिनीत हाच शब्द आहे, म्हणून मी त्याला डावच म्हणतो. यांगचे नऊ आणि यिनचे नऊ असे अठरा डाव, प्रत्येकात साठ शीचेन, म्हणजे १०८० वेगवेगळ्या मांडण्या होतात. वर्षभरात प्रत्येक डाव चार वेळा येतो.

एखादा दिवस कोणत्या भागात पडतो हे दिवसाच्या साठातल्या क्रमांकावरून ठरते. १ जानेवारी २००० चा क्रमांक ५५, वू-घोडा. ही तारीख आधार धरून कोणत्याही दिवसाचा क्रमांक मोजता येतो: दिवस मोजा, ५५ मध्ये मिळवा, ६० ने भागा आणि बाकी घ्या (बाकी शून्य आल्यास ६०). मग त्या क्रमांकाला १५ ने भागा. बाकी १ ते ५ आली तर वरचा भाग, ६ ते १० आली तर मधला, ११ ते १४ किंवा शून्य आली तर खालचा. आपल्या दिवसाचा क्रमांक ५५, बाकी १०, म्हणजे मधला भाग. पर्व हिवाळी अयनदिनाचे, कारण ते २२ डिसेंबर १९९९ ला सुरू झाले आणि पुढचे पर्व ६ जानेवारीला. म्हणून डाव: यांग, क्रमांक ७.

येथे एक जुना वाद आहे. चोवीस पर्वांचे पंधरा-पंधरा दिवस धरले तर ३६० होतात आणि सूर्याचे वर्ष सव्वा पाच दिवसांनी मोठे आहे, त्यामुळे पाच दिवसांचे भाग पर्वांच्या पुढे धावू लागतात. एक संप्रदाय भागांची अखंड साखळी जपतो आणि अंतर नऊ दिवसांवर गेले की अयनदिनाच्या आधीच्या पर्वात एक जादा फेरी घालतो, साधारण आपल्या अधिक मासासारखी. दुसरा संप्रदाय पर्व बदलले की लगेच नव्या पर्वाचा क्रमांक लावतो. शिकताना एकच संप्रदाय धरून राहावे. मी निवडलेल्या दिवशी दोन्हींचे उत्तर एकच येते, आणि हा दिवस निवडण्याचे तेच कारण आहे.

तासाची जोडी

शीचेन रात्री ११ पासून मोजतात: ११ ते १ उंदीर, १ ते ३ बैल, याप्रमाणे. सकाळी ९ ते ११ हा साप, सहावा. तो घड्याळाने न पाहता स्थानिक सूर्यवेळेने पाहावा असे बहुतेक जाणकार मानतात. चीनची प्रमाणवेळ १२० अंश रेखांशाची आहे आणि शांघाय तिच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे आपल्या उदाहरणात फरक पडत नाही. मुंबईत मांडणाऱ्याने मात्र घड्याळातून सुमारे ३९ मिनिटे वजा करावीत, कारण भारतीय प्रमाणवेळेचा रेखांश मुंबईच्या बराच पूर्वेला आहे.

तासाच्या जोडीचे सूत्र असे: दिवसाच्या क्रमांकातून १ वजा करा, १२ ने गुणा, शीचेनचा क्रमांक मिळवा आणि ६० ने भागून बाकी घ्या. ५४ गुणिले १२ म्हणजे ६४८, अधिक ६ म्हणजे ६५४, बाकी ५४. चौपन्नावी जोडी दिंग-साप. ती ५१ ते ६० या सहाव्या दशकातली चौथी जोडी आहे आणि या दशकात ‘ज्या’ हा ग्वेइच्या आड लपलेला असतो. ‘दिंग’, ‘ग्वेइ’ आणि ‘चौथी’ या तीन गोष्टी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढचे सगळे यांवरच चालते.

जमिनीचा थर

पहिला थर पाच दिवस स्थिर राहतो. स्कंधांचा क्रम वू, जी, गेंग, शिन, रेन, ग्वेइ, दिंग, बिंग, यी असा घ्यायचा. शेवटचे तीन उलटे येतात, याकडे लक्ष द्यावे. डावाच्या क्रमांकाच्या घरात वू ठेवून यांगमध्ये अंकांच्या वाटेने पुढे आणि यिनमध्ये मागे जायचे. आपला डाव यांग ७, म्हणून वू ७ मध्ये, जी ८, गेंग ९, शिन १, रेन २, ग्वेइ ३, दिंग ४, बिंग ५, यी ६. हे स्कंध प्रत्येक घराच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात लिहा. मधल्या घराला परिघावर जागा नाही, म्हणून तिथला बिंग बहुतेक संप्रदायांत २ क्रमांकाच्या घरात पाहुणा म्हणून राहतो.

तारे आणि दारे

नऊ ताऱ्यांची आणि आठ दारांची मूळ घरे ठरलेली आहेत. १ मध्ये थिएन पेंग तारा आणि विश्रांतीचे दार, ८ मध्ये थिएन रेन आणि जीवनाचे, ३ मध्ये थिएन छोंग आणि इजेचे, ४ मध्ये थिएन फू आणि अडवणुकीचे, ९ मध्ये थिएन यिंग आणि देखाव्याचे, २ मध्ये थिएन रुइ आणि मृत्यूचे, ७ मध्ये थिएन जू आणि भयाचे, ६ मध्ये थिएन शिन आणि मोकळे दार. मधल्या थिएन छिनला दार नाही आणि तो थिएन रुइसोबतच फिरतो.

‘ज्या’ हा स्कंध जिथे लपला आहे तिथला तारा त्या दशकाचा अधिपती आणि तिथले दार त्याचे दूत. आपला ग्वेइ ३ मध्ये आहे. म्हणून अधिपती तारा थिएन छोंग आणि दूत दार इजेचे.

आता खरी मेख. दोघे निघतात एकाच घरातून, पण वेगळ्या नियमाने. अधिपती तारा तासाच्या स्कंधामागे जातो: जमिनीच्या थरात तो स्कंध जिथे असेल तिथे थेट जाऊन बसतो. दूत दार मात्र दशकाच्या सुरुवातीपासून प्रत्येक शीचेनला अंकांच्या वाटेने एकेक घर चालते, यांगमध्ये पुढे, यिनमध्ये मागे. मी शिकत असताना कितीतरी आठवडे तारा आणि दार एकाच मापाने फिरवत होतो. मांडणी दिसायला सुबक होई, आणि चूक कळायला मार्गच नसे. शेवटी एका दशकाचे पाच शीचेन सलग मांडले तेव्हा ती उघड झाली. आपल्याच उदाहरणात पाहा. पहाटे ३ ते ५, ज्या-वाघ, दोघेही ३ मध्ये. ५ ते ७, यी-ससा: यी ६ मध्ये, म्हणून तारा ६ मध्ये, दार ४ मध्ये. ७ ते ९, बिंग-ड्रॅगन: बिंग मध्यात, म्हणून तारा २ मध्ये, आणि दारही मोजणीत ५ वर आल्याने २ मध्येच. ९ ते ११, दिंग-साप: तारा ४ मध्ये, दार ६ मध्ये. तारा ३, ६, २, ४ अशा उड्या घेतो आणि दार ३, ४, ५, ६ असे पावलांनी जाते.

अधिपती ३ वरून ४ वर गेला, म्हणजे परिघावर एक घर पुढे. त्यामुळे सगळे तारे परिघाच्या वाटेने एक घर पुढे सरकवा, आणि प्रत्येक ताऱ्याने आपल्या मूळ घरातला जमिनीचा स्कंध सोबत उचलून न्यावा. हा झाला आकाशाचा थर. फूयांगच्या पाटावर चकती फिरवल्यावर होते तेच हे. आकाशाचे स्कंध जमिनीच्या स्कंधांच्या वर लिहा. दारे वेगळी फिरवा: इजेचे दार ६ मध्ये ठेवून परिघाच्या वाटेने पुढे अडवणूक, देखावा, मृत्यू, भय, मोकळे, विश्रांती, जीवन.

शेवटचा थर आठ देवतांचा: अधिपती, उडता साप, थाई यिन म्हणजे चंद्र, सहा मेळ, पांढरा वाघ, काळा योद्धा, नऊ भूमी, नऊ आकाश. अधिपती देवता अधिपती ताऱ्याच्या नव्या घरात बसते आणि बाकीच्या यांगमध्ये परिघाच्या वाटेने, यिनमध्ये उलट दिशेने. या थराला स्वतःची मोजणी नाही, तो पूर्णपणे ताऱ्यावर अवलंबून आहे.

पूर्ण मांडणी अशी येते. स्कंधांत पहिला आकाशाचा, दुसरा जमिनीचा.

आग्नेय ४: अधिपती, थिएन छोंग, भय, ग्वेइवर दिंग
दक्षिण ९: उडता साप, थिएन फू, मोकळे, दिंगवर गेंग
नैर्ऋत्य २: थाई यिन, थिएन यिंग, विश्रांती, गेंगवर रेन, पाहुणा बिंग
पश्चिम ७: सहा मेळ, थिएन रुइ आणि थिएन छिन, जीवन, रेन व बिंगवर वू
वायव्य ६: पांढरा वाघ, थिएन जू, इजा, वूवर यी
उत्तर १: काळा योद्धा, थिएन शिन, अडवणूक, यीवर शिन
ईशान्य ८: नऊ भूमी, थिएन पेंग, देखावा, शिनवर जी
पूर्व ३: नऊ आकाश, थिएन रेन, मृत्यू, जीवर ग्वेइ

येथे ‘ग्वेइवर दिंग’ असे लिहिले आहे ते लेखनाच्या क्रमाने, ग्वेइ आकाशात आणि दिंग जमिनीत. दोन खुणा उरल्या. दशकात दहाच शाखा वापरल्या जातात आणि दोन सुटतात. सहाव्या दशकात सुटतात उंदीर आणि बैल, म्हणजे त्यांच्या दिशांची उत्तर आणि ईशान्य ही घरे ‘रिकामी’, तिथल्या चिन्हांचा जोर उतरलेला. दुसरी खूण घोड्याची, हालचालीची: तासाची शाखा साप असेल तर घोडा डुकराच्या जागी, म्हणजे वायव्येला.

वाचन

समजा प्रश्न असा: भागीदारीत दुकान काढायचे आहे, पैसे घालावेत का? दिवसाचा स्कंध विचारणारा, तासाचा स्कंध ते काम, वू म्हणजे भांडवल, जीवनाचे दार म्हणजे नफा, सहा मेळ म्हणजे करार आणि भागीदार. आपला दिवस वूचा आहे, त्यामुळे विचारणारा आणि त्याचे भांडवल एकाच घरात आहेत, वायव्येला.

आधी पश्चिमेकडे पाहू, कारण नवशिक्याची नजर तिकडेच जाते. जीवनाचे दार सहा मेळांसोबत आले आहे, म्हणजे नफा आणि भागीदारी एका घरात. दाराची माती घराच्या धातूला जन्म देते, हेही चांगले. आकाशाचा बिंग जमिनीच्या वूवर आला आहे आणि या जोडीला परंपरेत ‘उडता पक्षी घरट्यात उतरतो’ म्हणतात, जी अत्यंत शुभ मानली जाते. थिएन रुइ हा आजाराचा तारा तेवढा खटकतो. एवढ्यावर कोणीही ‘पैसे घाला’ म्हणेल, आणि इथेच वाचन फसते.

विचारणाऱ्याचे घर मात्र वेगळे सांगते. वूवर यी ही जोडी स्वतःहून बरी किंवा वाईट नाही, ती दारामागे जाते असा नियम आहे, आणि दार इजेचे आहे. लाकडाचे हे दार धातूच्या घरात दबले आहे, वर पांढरा वाघ आहे, आणि त्यातच घोडा: माणूस घाईत आहे, पैसा हलण्याच्या बेतात आहे आणि हलताना जखमेची शक्यता. काम म्हणजे आकाशातला दिंग दक्षिणेला आहे, मोकळ्या दारासोबत, म्हणून दुकान उघडेल. पण सोबतचा उडता साप गुंता आणि न सांगितलेल्या गोष्टी सुचवतो, आणि दक्षिणेचा अग्नी वायव्येच्या धातूला दाबतो, म्हणजे काम माणसावर भार टाकणार.

आता ऋतूचा थर पुन्हा लावा, कारण तो बहुतेक लोक येथे विसरतात. भर हिवाळ्यात पाणी सर्वांत बलवान आणि अग्नी सर्वांत दुबळा. म्हणून दक्षिणेचा दाब आहे, पण हलका. जीवनाच्या दाराची मातीही या ऋतूत अडकलेली, म्हणून नफा आहे, पण उशिरा. सगळे थर एकत्र धरले तर पारंपरिक उत्तर असे बसते: भागीदारी चांगली, पण पैसा आत्ता आणि घाईने घालू नये. कराराच्या कागदातल्या न बोललेल्या अटी आधी उघड कराव्यात, आणि कमाईची वाट थंडीनंतर पाहावी.

उत्तरेलाही एक रेखीव उदाहरण आहे. आकाशाचा यी जमिनीच्या शिनवर, ‘निळा ड्रॅगन पळून जातो’ अशी अशुभ जोडी. सोबत चोरीशी जोडलेला काळा योद्धा. पण घर रिकामे आहे आणि प्रश्नाशी त्याचा संबंधही नाही, म्हणून त्याला हात लावायचा नाही. पटावर दिसणारे प्रत्येक भयानक नाव वाचायला घेणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. प्रश्नाने ज्या दोन-तीन घरांना बोलावले तेवढीच बोलतात.

ताळा

मांडणी बरोबर झाली का, हे पाहण्यासाठी याच दिवसाचे आणखी दोन शीचेन मांडा. पहाटे ३ ते ५ मध्ये प्रत्येक तारा आणि प्रत्येक दार आपल्या मूळ घरात असले पाहिजे. परंपरा अशा वेळेला अडलेली, जड मानते. मग सकाळी ११ ते दुपारी १ चा घोड्याचा शीचेन घ्या, वू-घोडा, दशकातली पाचवी जोडी. जमिनीचा थर तोच राहील. वू ७ मध्ये आहे, म्हणून अधिपती तारा ४ वरून उडी घेऊन ७ मध्ये. दूत दार ६ वरून एक पाऊल पुढे, तेही ७ मध्ये. दोघांच्या मूळ घराच्या, म्हणजे ३ च्या, बरोबर समोर. आता थिएन पेंग दक्षिणेला, थिएन यिंग उत्तरेला, जीवनाचे दार नैर्ऋत्येला, मृत्यूचे ईशान्येला, आणि परिघावरचे एकही चिन्ह आपल्या मूळ घराच्या समोरचे घर सोडून दुसरीकडे नसले पाहिजे. एखादे दार शेजारच्या घरात सापडले, तर ते बहुधा परिघाऐवजी अंकांच्या वाटेने फिरवले गेले आहे. तेवढेच पुसून पुन्हा मांडावे.